काचपट्टीवरची लिपी

गर्भाशयमुखाचा कर्करोग एकेकाळी कळायचा तेव्हा वेळ निघून गेलेली असायची. हा रोग जडण्याच्या कित्येक वर्षे आधी त्याची चाहूल घेता येते, हे दाखवून देणाऱ्या चाचणीचे जनक डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ आणि त्या चाचणीसाठी एकवीस वर्षे स्वतःचे शरीर प्रयोगाला देणाऱ्या त्यांच्या पत्नी मेरी यांची ही जीवनकथा.

शहरातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात ‘पॅप’ हा शब्द सर्रास वापरला जातो. तपासणीच्या कागदावर तो लिहिलेला असतो, प्रयोगशाळेच्या दरपत्रकात असतो, आरोग्य शिबिराच्या फलकावरही दिसतो. एखाद्या लांबलचक वैद्यकीय संज्ञेचे ते लघुरूप असावे, असा अनेकींचा समज असतो. वास्तविक ते एका माणसाचे अर्धेमुर्धे आडनाव आहे. ग्रीसमधल्या एका बेटावर जन्मलेल्या आणि अमेरिकेत आल्यावर पोटासाठी गालिचे विकण्याची पाळी आलेल्या जॉर्ज पापानिकोलाऊ यांचे आडनाव अमेरिकनांच्या जिभेला पेलवेना. त्यांनी त्याचा आरंभ तेवढा ठेवला आणि उरलेले सोडून दिले.

एव्हिया हे ग्रीसचे मोठे बेट. त्याच्या समुद्रकाठच्या कीमी या गावी १३ मे १८८३ रोजी जॉर्ज यांचा जन्म झाला. वडील निकोलाओस हे गावातले डॉक्टर. मुलाने वैद्यक शिकावे, गावी परतावे आणि आपली गादी चालवावी, ही त्यांची सरळ अपेक्षा होती. मुलाला मात्र संगीताची ओढ होती. तो व्हायोलिन वाजवीत असे आणि तत्त्वज्ञानाची पुस्तके वाचीत असे. तरी वडिलांच्या शब्दाखातर त्याने अथेन्स विद्यापीठात वैद्यकाचा अभ्यास पुरा केला आणि १९०४ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, पदवी घेतली. त्यानंतर सैन्यात सहायक शल्यचिकित्सक म्हणून सक्तीची नोकरी झाली. गावी परतल्यावर काही काळ त्यांनी कुष्ठरुग्णांची सेवाही केली.

इथवरचा प्रवास वडिलांच्या मनासारखा झाला. पण रुग्ण तपासणे, औषध देणे आणि संध्याकाळी घरी येणे यात जॉर्ज यांचे मन रमेना. त्यांना रोगापेक्षा जीव कसा घडतो, या प्रश्नाने पछाडले होते. अखेर वडिलांची नाराजी पत्करून ते जर्मनीला गेले. जेना येथे एर्न्स्ट हेकेल, फ्रायबर्ग येथे ऑगस्ट वाइसमान अशा त्या काळच्या नामवंत जीवशास्त्रज्ञांच्या हाताखाली त्यांनी अभ्यास केला आणि १९१० मध्ये म्युनिक येथून प्राणिशास्त्रातील डॉक्टरेट मिळवली. विषय होता पाणपिसू या चिमुकल्या गोड्या पाण्यातल्या जिवामध्ये नर-मादी ठरते कशी याचा. खेड्यातल्या डॉक्टरच्या दृष्टीने याहून निरुपयोगी विद्या कोणती असणार! मात्र त्याच प्रबंधाने पुढे त्यांना अमेरिकेत दार उघडून दिले.

त्याच वर्षी आंद्रोमाही माव्रोयेनी या तरुणीशी त्यांचा विवाह झाला. ती लष्करी अधिकाऱ्याची कन्या. चांगल्या घरात वाढलेली आणि सुशिक्षित. जग तिला पुढे मेरी या नावाने ओळखू लागले. लग्नानंतर जॉर्ज यांनी काही काळ मोनॅकोच्या सागरविज्ञान संस्थेत काम केले. मग बाल्कन युद्धे पेटली आणि १९१२ मध्ये ते पुन्हा गणवेशात आले. आघाडीवर त्यांची गाठ पडली ती मायदेशासाठी लढायला अमेरिकेतून आलेल्या ग्रीक स्वयंसेवकांशी. त्यांच्या तोंडून अमेरिकेतल्या संधींची वर्णने ऐकून त्यांचा निर्णय पक्का झाला. १९ ऑक्टोबर १९१३ रोजी हे जोडपे न्यूयॉर्कच्या बंदरात उतरले. खिशात होते प्रवेशासाठी लागणारे जेमतेम अडीचशे डॉलर. इंग्रजी दोघांनाही येत नव्हते.

गालिचे आणि गुंड्या

वैद्यकाची पदवी, जर्मन डॉक्टरेट आणि युद्धावरचा अनुभव गाठीशी असलेल्या या तिशीच्या माणसाला न्यूयॉर्कमध्ये पहिले काम मिळाले ते एका मोठ्या दुकानात गालिचे विकण्याचे. त्याच दुकानात मेरी यांना कपड्यांना गुंड्या शिवण्याचे काम मिळाले, आठवड्याला पाच डॉलर पगारावर. गालिचे विकणे जॉर्ज यांना फार काळ जमले नाही. मग उपाहारगृहांत व्हायोलिन वाजवणे, ग्रीक वृत्तपत्रात कारकुनी करणे असे मिळेल ते त्यांनी केले. परदेशी पदव्या घेऊन दारोदार हिंडणाऱ्या स्थलांतरितांची ही कहाणी आजही जुनी झालेली नाही.

सुटका झाली ती पाणपिसूमुळे. आनुवंशशास्त्राचे प्रख्यात संशोधक थॉमस हंट मॉर्गन यांच्या वाचनात जॉर्ज यांचा प्रबंध आलेला होता. त्यांच्या शिफारशीने १९१४ मध्ये प्रथम न्यूयॉर्क हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी विभागात आणि लगेच कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, शरीररचनाशास्त्र विभागात, त्यांना जागा मिळाली. मेरीही तंत्रज्ञ म्हणून त्याच प्रयोगशाळेत दाखल झाल्या. पुढची जवळपास पन्नास वर्षे या दोघांचे घर आणि प्रयोगशाळा यांच्यात फारसा फरक राहिला नाही. त्यांना मूलबाळ नव्हते.

विभागप्रमुख चार्ल्स स्टॉकार्ड यांचे प्रयोग गिनिपिगांवर चालत. जॉर्ज यांना लिंगनिश्चितीच्या अभ्यासासाठी गिनिपिगाच्या मादीची बीजांडे हवी होती आणि तीही नेमक्या वेळेची, बीजकोषातून सुटण्याच्या बेतात असलेली. ही वेळ ओळखण्याची कोणतीही बाह्य खूण ठाऊक नव्हती. मादी मारून पाहायची आणि वेळ चुकली असेल तर दुसरी मारायची, एवढाच उपाय होता. बहुतेक सस्तन प्राण्यांमध्ये स्त्रीचक्राची काही ना काही खूण स्रावात दिसत असली पाहिजे, ती इतकी सूक्ष्म असेल की डोळ्यांना दिसत नसेल, असा तर्क जॉर्ज यांनी केला. नाक तपासण्याचे एक लहानसे उपकरण त्यांनी विकत आणले आणि त्याच्या साह्याने गिनिपिगाच्या योनिमार्गातील स्रावाचा थेंब रोज काचपट्टीवर घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यास सुरुवात केली.

डोळ्यांना जिथे काहीच दिसत नव्हते तिथे पेशींचे एक वेळापत्रकच उलगडले. चक्राच्या प्रत्येक टप्प्यावर पेशींचे आकार वेगळे आणि त्यांचे प्रमाण वेगळे. कोणत्या दिवशी बीजांड सुटणार, हे आता मादीला धक्काही न लावता सांगता येऊ लागले. स्टॉकार्ड यांच्यासह लिहिलेला हा निबंध १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि प्रजननशास्त्राच्या अभ्यासकांना एक हत्यार मिळाले. १९२३ मध्ये एडगर अ‍ॅलन आणि एडवर्ड डॉयझी यांनी बीजकोषातील संप्रेरकाचा जो शोध लावला, त्यातही परिणाम मोजण्यासाठी याच पद्धतीचा उपयोग झाला.

मेरी

गिनिपिगात दिसते ते स्त्रीमध्ये दिसेल काय, हा पुढचा प्रश्न ओघानेच आला. रोज नमुना द्यायला तयार होईल अशी स्त्री मिळणे मात्र सोपे नव्हते. काळ पहिल्या महायुद्धाच्या आगेमागेचा. स्त्रीच्या त्या अवयवांचा उच्चारही जिथे वर्ज्य, तिथे कोण पुढे येणार? पुढे आल्या त्या मेरी. एकवीस वर्षे त्यांच्या स्रावाचे नमुने नियमितपणे काचपट्टीवर चढत राहिले. स्त्रीच्या निरोगी पेशी महिन्याभरात कशा बदलतात, वय वाढत जाते तसतशा कशा बदलतात, याचे इतके दीर्घ आणि अखंड निरीक्षण त्यापूर्वी कोणी केलेले नव्हते. रोगट पेशी ओळखायची तर आधी निरोगी पेशी तिच्या सर्व अवस्थांत पाठ हवी. जॉर्ज यांचा तो पाठ मेरी यांच्या शरीरावर झाला.

आजच्या नियमांत हे बसणार नाही. संशोधकाने स्वतःच्याच पत्नीला प्रयोगाचा विषय करावा आणि दोन दशके तो चालू ठेवावा, याला कोणतीही नीतिसमिती सहजी मान्यता देणार नाही. आणि ते योग्यच आहे. मेरी यांना नकार देणे कितपत शक्य होते, हा प्रश्नही विचारायलाच हवा. पण त्यांना केवळ आज्ञाधारक पत्नी ठरवणे हाही त्यांच्यावर अन्याय होईल. त्या प्रयोगशाळेत काचपट्ट्या तयार करीत, रंगवीत, घरचा सगळा व्याप सांभाळीत आणि पतीच्या कामाचा अर्थ त्यांना पुरता कळत होता. तरीही चाचणीला लागले ते एकट्या पतीचे नाव. विज्ञानाच्या इतिहासात अशा मेरी पुष्कळ सापडतात.

१९२५ पासून न्यूयॉर्कच्या वुमन्स हॉस्पिटलमधील स्त्रियांचे नमुनेही जॉर्ज यांच्याकडे येऊ लागले. त्यात काही आजारी होत्या. अशाच एका काचपट्टीवर त्यांना अशा पेशी दिसल्या की ज्या मेरी यांच्या हजारो नमुन्यांत एकदाही दिसल्या नव्हत्या. केंद्रक फुगलेले, गडद आणि वेडेवाकडे. आकाराला धरबंध नाही. ती स्त्री गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची रुग्ण होती. आपल्या संशोधक आयुष्यातील सर्वांत थरारक अनुभवांपैकी तो एक होता, असे त्यांनी पुढे नमूद करून ठेवले आहे.

या शोधाचे मोल कळण्यासाठी त्या काळी हा रोग काय होता हे लक्षात घ्यायला हवे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत कर्करोगाने मरणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वाधिक होते आणि त्यातही गर्भाशयमुखाचा वाटा मोठा. गर्भाशयमुख म्हणजे गर्भाशयाचे योनिमार्गात उघडणारे तोंड. तिथला कर्करोग सुरुवातीला दुखत नाही. अवेळी रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे, संबंधानंतर रक्त दिसणे, अशी लक्षणे दिसू लागतात तेव्हा रोग बहुधा बराच पुढे गेलेला असतो. लाजेपोटी ती लक्षणेही स्त्रिया अंगावर काढीत. मग रेडियम किंवा मोठी शस्त्रक्रिया आणि बऱ्याचदा दोन्हींचा उपयोग नाही. हे चित्र अमेरिकेतले असले तरी मराठी वाचकाला ते अनोळखी वाटू नये.

अशा रोगाची वर्दी एका थेंबातून मिळते म्हटल्यावर वैद्यकविश्वाने डोक्यावर घ्यायला हवे होते. झाले उलटेच. जानेवारी १९२८ मध्ये मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक या गावी जॉर्ज यांनी आपला निबंध वाचला. जागाही अशी की कर्करोगतज्ज्ञ तिकडे फिरकण्याची शक्यताच कमी. कॉर्नफ्लेक्समुळे जगाला ठाऊक असलेल्या केलॉग यांनी मानववंश सुधारण्याच्या उद्देशाने भरवलेली ती परिषद होती, आणि तो विचार पुढे किती अनर्थकारी ठरला हे सर्वज्ञात आहे. तिच्या इतिवृत्तात हा निबंध मुद्रणदोषांसह छापला गेला. ज्यांच्यापर्यंत तो पोहोचला त्यांनीही नाके मुरडली. गर्भाशयमुख काही शरीराच्या खोल कपारीत दडलेले नाही, तिथला तुकडा काढून तपासता येतो. मग सुट्या पेशी धुंडाळत बसण्याचे प्रयोजन काय, असा पॅथॉलॉजीच्या तज्ज्ञांचा आक्षेप होता. आक्षेप वरवर बिनतोड होता. पण तुकडा कोणाचा काढायचा? ज्या स्त्रीला काहीच होत नाही आणि जिच्याकडे पाहून कोणालाच शंका येत नाही, तिचा तुकडा कोणीच काढणार नव्हते. जॉर्ज यांची चाचणी होती ती नेमकी अशा स्त्रीसाठी.

योगायोग असा, की रुमानियातील डॉ. ऑरेल बाबेश यांनी प्लॅटिनमच्या तारेच्या वळ्याने गर्भाशयमुखावरील पेशी घेऊन कर्करोग ओळखण्याची पद्धत १९२७ मध्ये बुखारेस्ट येथे मांडली होती आणि १९२८ मध्ये फ्रेंच नियतकालिकात ती प्रसिद्धही केली होती. दोघांना एकमेकांच्या कामाची कल्पना नव्हती. तंत्रेही वेगळी होती. रुमानियात आजही बाबेश यांना अग्रमान दिला जातो आणि तो नाकारण्याचे कारण नाही. पण बाबेश यांनी पुढे हा विषय फारसा लावून धरला नाही.

बॅटल क्रीकहून परतलेल्या जॉर्ज यांनी वाद घातला नाही. ते पुन्हा स्त्रीचक्राच्या अभ्यासाकडे वळले आणि १९३३ मध्ये त्यावर एक मोठा ग्रंथवजा निबंध प्रसिद्ध केला. कर्करोगाचे काम जवळजवळ दशकभर बासनात राहिले. १९३९ मध्ये स्टॉकार्ड यांचे निधन झाले आणि जोसेफ हिन्से हे नवे प्रमुख आले. जुन्या काचपट्ट्या पुन्हा बाहेर काढा, असा आग्रह त्यांनी धरला. न्यूयॉर्क हॉस्पिटलमधील स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्रॉट यांची जोड मिळाली. त्यांच्या विभागात दाखल होणाऱ्या प्रत्येक स्त्रीचा, तिची तक्रार कोणतीही असो, नमुना घेण्याचे ठरले. हा निर्णय वरकरणी साधा वाटतो. पण त्यामुळेच सगळे पालटले. ज्यांच्या बाबतीत कोणालाही संशय नव्हता, डोळ्यांना काही दिसत नव्हते आणि तुकडा तपासूनही काही वेळा हाती लागत नव्हते, अशा स्त्रियांचे कर्करोग काचपट्टीवर उमटू लागले.

१९४१ मध्ये दोघांचा निबंध आला, १९४३ मध्ये पुस्तक. त्यातील पेशींची रंगीत चित्रे हाशिमे मुरायामा या जपानी वंशाच्या चित्रकाराने काढली होती. पूर्वी तो ‘नॅशनल जिओग्राफिक’ मासिकात मासे आणि जलचर रंगवीत असे. ज्यांनी अशा पेशी कधी पाहिल्या नव्हत्या त्या डॉक्टरांना शिकवण्यासाठी ही चित्रेच कामी आली. पेशी रंगवण्याची जी पद्धत जॉर्ज यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यात वरच्या थरातील पक्व पेशी गुलाबी-नारिंगी, खालच्या थरातील हिरवट निळ्या आणि केंद्रके गडद निळी दिसतात. एवढ्या वर्षांनंतरही प्रयोगशाळांत ती पद्धत त्यांच्याच नावाने चालते.

चाचणीची खरी ताकद पुढे स्पष्ट होत गेली. गर्भाशयमुखाच्या पेशी एका रात्रीत बिघडत नाहीत. पहिला बदल आणि प्रत्यक्ष कर्करोग यांत बहुधा दहा-पंधरा वर्षांचे अंतर असते. शरीराने दिलेली ही एवढी मोठी मुदत फार थोड्या कर्करोगांत मिळते. या मुदतीत बिघडलेला भाग गोठवून किंवा काढून टाकला, की कर्करोग होतच नाही, गर्भाशयही वाचते. त्यामुळे पॅप ही कर्करोग शोधण्याची चाचणी आहे असे म्हणणे अर्धवट होईल. तो टाळण्याची ती संधी आहे. अट एकच, स्त्रीने काहीही होत नसताना यायचे आणि ठरावीक काळाने पुन्हा यायचे.

डॉ. चार्ल्स कॅमरन यांच्या प्रोत्साहनाने अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ही चाचणी उचलून धरली. पेशी वाचण्यासाठी खास तंत्रज्ञ तयार झाले. त्यात स्त्रियांची संख्या मोठी होती, आणि एरवी फारशी नोंद न होणाऱ्या या कामात त्यांनी डोळे शिणवले. कॅनडाच्या अर्नेस्ट एअर यांनी १९४७ मध्ये साधी लाकडी पट्टी वापरून थेट गर्भाशयमुखावरूनच पेशी घेण्याची सोय केली. १९५० मध्ये पापानिकोलाऊ यांना लास्कर पुरस्कार मिळाला. नोबेल मात्र मिळाले नाही. अमेरिकेत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण विसाव्या शतकाच्या मध्यापासून सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरले, त्यात सर्वांत मोठा वाटा या चाचणीचा मानला जातो.

बार्शीची नोंद

पण या यशाला एक मोठी मर्यादा होती. नमुना घ्यायला प्रशिक्षित हात हवा, वाचायला प्रशिक्षित डोळा हवा, प्रयोगशाळा हवी, अहवाल रुग्णापर्यंत पोहोचवणारी आणि तिला परत बोलावणारी यंत्रणा हवी. श्रीमंत देशांनी हे उभे केले. गरीब देशांत न्यूयॉर्कची काचपट्टी शहरातल्या दवाखान्यांच्या पलीकडे गेलीच नाही. खेड्यातल्या स्त्रीचे काय, या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर मराठवाड्याच्या मातीतून मिळाले.

बार्शी येथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक अभ्यास सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. गावांचे चार गट केले. एका गटात पॅप चाचणी, दुसऱ्यात गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याची स्वस्त पद्धत, तिसऱ्यात एचपीव्ही या विषाणूचा शोध घेणारी चाचणी. हा विषाणूच या कर्करोगाचे मूळ आहे, हे जर्मनीचे हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिले होते. त्यासाठी त्यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले. चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवा आणि माहिती एवढेच.

२००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात तुलनेच्या गटातील ६४ स्त्रिया या कर्करोगाने दगावल्या; विषाणू चाचणीच्या गटात हा आकडा ३४ होता. आयुष्यात फक्त एकदा केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. पॅप चाचणीच्या गटात ५४ मृत्यू झाले, म्हणजे एका फेरीपुरता तिचा लाभ ठळक नव्हता. हे निष्कर्ष जगभर अभ्यासले गेले आणि विषाणू चाचणीकडे धोरणांचा कल वळण्यात त्यांचा हातभार लागला. तुलनेच्या गटाला तपासणीविना ठेवणे योग्य होते काय, यावर नंतर वादही झाला आणि तो वाद निरर्थक नव्हता. त्या ६४ जणींना काही नावे होती, घरे होती.

पापानिकोलाऊ यांच्या चाचणीचा हा पराभव म्हणावा काय? तसे म्हणणे उथळ ठरेल. काही होत नसताना तपासायचे आणि रोगाच्या आधी गाठायचे, ही कल्पना त्यांचीच; साधन बदलले. विषाणू चाचणीत दोष आढळला तरी पुढे पेशी आणि गर्भाशयमुख पाहावेच लागते. लसही आली. २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ या भारतीय लशीला परवानगी मिळाली. मात्र लस मुलींसाठी. त्यांच्या आयांना अजून तपासणीचाच आधार आहे. आणि चित्र असे की २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ही तपासणी कधीतरी करून घेतलेल्यांचे प्रमाण अवघे १.९ टक्के होते. २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि ८० हजारांच्या आसपास दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे.

पैसा आणि यंत्रणा यांच्याइतकाच आडवा येतो तो संकोच. विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, एवढे अर्धे वाक्य कानावर पडते आणि चारित्र्याची चर्चा सुरू होते. हा विषाणू इतका सर्वत्र आहे की बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी गाठतोच आणि बहुतेकांच्या शरीरातून आपोआप निघूनही जातो, हे उरलेले अर्धे वाक्य मात्र सांगितले जात नाही. रोगातून बऱ्या झालेल्या स्त्रियांनाही याची झळ बसते. किरणोपचारांनी अकाली गेलेली पाळी, मूत्राशयाचे आणि आतड्याचे त्रास, पायावरची सूज, पतीशी संबंधात होणारी वेदना, हे सारे त्या निमूट सोसतात. कारण पोटाचे ऑपरेशन झाले, एवढेच घरात आणि नात्यागोत्यात सांगितलेले असते. उपचारानंतरची तपासणी, समुपदेशन आणि आपल्यासारख्याच दुसरीशी मोकळे बोलता येईल अशी जागा, हा त्यांच्या उपचाराचाच भाग समजला पाहिजे. मेरी यांनी शंभर वर्षांपूर्वी मोडलेला संकोच इथे अजून शाबूत आहे.

स्वतः जॉर्ज पापानिकोलाऊ अखेरपर्यंत काचपट्ट्याच पाहत राहिले. सुट्टी घेण्याची त्यांना सवय नव्हती. १९५४ मध्ये पेशींच्या चित्रांचा त्यांचा बृहद्‌ग्रंथ आला. गर्भाशयमुखच नव्हे, तर फुप्फुस, मूत्राशय, जठर अशा अवयवांतून गळणाऱ्या पेशींचाही त्यात परामर्श होता. आपली स्वतंत्र संस्था असावी, हे त्यांचे जुने स्वप्न न्यूयॉर्कमध्ये पुरे झाले नाही. नोव्हेंबर १९६१ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, कॉर्नेलमधील सत्तेचाळीस वर्षांचा संसार आवरून ते फ्लोरिडातील मायामी येथे कर्करोग संस्थेची धुरा घेण्यासाठी गेले. तीनच महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९६२ रोजी, हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

मानसन्मान मागाहून येत राहिले. १९७८ मध्ये अमेरिकेने त्यांचे टपाल तिकीट काढले. १९९५ मध्ये ग्रीसने दहा हजार द्राख्माच्या नोटेवर त्यांचा चेहरा छापला. २००२ मध्ये युरो आला आणि ती नोट व्यवहारातून गेली.

पतीच्या मृत्यूनंतर मेरी न्यूयॉर्कला परतल्या नाहीत. त्या मायामीतच राहिल्या आणि त्याच संस्थेत काम करीत राहिल्या. १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये त्या वारल्या.